त्याच्यावरही राज्य येऊ द्या

धावडा हे भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचं गाव. अजिंठ्याहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो त्या कडेला. कापूस, मका आणि मिरचीचा हा पट्टा. इथल्या एखाद्या लेकराला ऐकू येत नाही, किंवा ते सगळं फार उशिरा शिकतंय, असं आईबापांच्या लक्षात आलं तर दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी त्यांना जालन्याचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. बोलण्याचे उपचार किंवा स्वमग्न मुलांसाठीचं नियमित प्रशिक्षण हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. मिरची तोडणीच्या दिवसांत मजुरी बुडवून हे दर आठवड्याला कोणाला जमणार? त्या लेकरासाठी रोज उघडणारी, फुकट असलेली आणि चालत जाता येणारी जागा गावात एकच असते, ती म्हणजे शाळा. ही पुस्तिका अशा शाळेतल्या शिक्षकाला समोर ठेवून तयार झाली आहे. इतर मुलांमध्ये कसं राहायचं, खेळायचं, मागायचं, नाकारायचं, भांडायचं आणि भांडण मिटवायचं, हे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात कसं शिकवावं, हा तिचा विषय.

हा काय शिकवायचा विषय आहे, असं अनेकांना वाटेल. वाचन, लेखन, पाढे शिकवावे लागतात. वागणं सवयीनं येतं, अशी आपली समजूत. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती खरीही असते, कारण ती मुलं कोणी न शिकवताच शिकत असतात. मोठ्या भावंडांकडे बघतात, ओसरीवरच्या गप्पा कानावर पडतात, समोरच्याचा चेहरा उतरला की थांबायचं हे त्यांना कळतं. आता यातलं दिव्यांग मुलाला किती मिळतं ते बघा. अंध मुलीला समोरचा चेहरा उतरलेला दिसत नाही. कर्णबधिर मुलाला खेळाआधी झालेलं ठरवाठरवीचं बोलणं ऐकू येत नाही. पिंपळाच्या पलीकडं गेलं की आऊट, हे सगळ्यांना कळतं आणि त्याला कळत नाही. मग तो पलीकडं पळतो, सगळे ओरडतात आणि तो ‘खोडी करणारा’ ठरतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तीच गोष्ट पन्नास वेळा, एकाच पद्धतीनं दिसावी लागते. आपण ती चार वेळा, चार तऱ्हांनी दाखवून सोडून देतो. स्वमग्न मुलाला शब्द कळतात, पण शब्दांमागचा सूर कळेलच असं नसतं. जे इतरांना वाऱ्यावर मिळतं ते या मुलांना कोणीतरी ठरवून, उलगडून, पायरीपायरीनं द्यावं लागतं. गरज आहे ती एवढीच. स्वभाव बिघडल्याचा किंवा घरच्या वळणाचा इथे काही संबंध नाही.

मुलं वर्गात यावीत यासाठी देशानं बरीच वाट चाललेली आहे. मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकात, १८८५ च्या सुमारास सुरू झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जय वकील शाळा १९४४ ची. ही सगळी वेगळ्या शाळांची परंपरा. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ या काळात या मुलांचं शिक्षण सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असावं असं म्हटलं आणि १९७४ साली केंद्र सरकारनं एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांना सामावून घेणाऱ्या शाळांचा जाहीरनामा संमत केला. मग १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा आणि त्यातली २०१२ ची दुरुस्ती, आणि शेवटी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. आधीच्या कायद्यात सात प्रकारची दिव्यांगत्वं होती, यात एकवीस आली. या कायद्याचं सोळावं कलम शिक्षकांनी एकदा तरी वाचावं. मुलाच्या शैक्षणिक आणि सामाजिक विकासाला जास्तीत जास्त वाव मिळेल असा आधार शाळेनं द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. ‘सामाजिक’ हे तिथे शोभेसाठी आलेलं नाही. वर्गात बसवलं, पुस्तक दिलं, पोषण आहार दिला, युडायसमध्ये नोंद केली, एवढ्यानं या कलमाची पूर्तता होत नाही.

नोंद झालेलं मूल मधल्या सुट्टीत कुठे असतं, हे बघितल्याशिवाय समावेशन झालं की नाही ते कळत नाही. वर्गात सगळेच ओळीत बसलेले असतात, त्यामुळे तिथे काही उघड होत नाही. सुट्टीची घंटा वाजते, गट पडतात आणि मग एखादं लेकरू व्हरांड्याच्या खांबापाशी उभं असलेलं दिसतं. कोणी त्याला त्रास देत नाही. कोणी बोलवतही नाही.

आपल्या गावातल्या मुलांकडे यावरचा एक जुना उपाय आहे, तो म्हणजे कच्चं लिंबू. लहान किंवा दुबळं मूल खेळात घ्यायचं, पण त्याला आऊट करायचं नाही आणि त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. याबद्दल मला मनापासून आदर आहे. कोणत्याही परिपत्रकाशिवाय मुलांनी मुलांसाठी काढलेली ही सोय आहे, आणि तिच्यात माया आहे. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवरून २०१७ साली प्रसाद ओक यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईबापांवर चित्रपट केला, तेव्हा त्याचं नावही ‘कच्चा लिंबू’ असंच ठेवलं; आपल्या समाजात अशा मुलांची जागा नेमकी कोणती, हे त्या नावातच आलं. पण ती जागा कायमची होऊ लागली की अडचण सुरू होते. ज्याच्यावर कधी राज्य येत नाही, त्याला खेळाचे नियम शिकायचं कारणच उरत नाही. तो पळतो, हसतो, पण त्याच्या पळण्यानं खेळात काही फरक पडत नाही आणि हे त्यालाही हळूहळू कळतं. पाच वर्षांच्या मुलाला कच्चं लिंबू ठेवणं ठीक. अकरा वर्षांच्या मुलीला तसं ठेवणं म्हणजे तिला खेळाबाहेर ठेवणंच, फक्त गोड बोलून. आपल्या शाळांतलं बरंचसं समावेशन आज याच पायरीवर थांबलेलं आहे. पुढची पायरी म्हणजे त्याच्यावर राज्य येऊ देणं, आणि ते त्याला पेलावं यासाठी आधी तयारी करून घेणं.

ही तयारी कोणाची करायची, यावर या पुस्तिकेचं म्हणणं स्पष्ट आहे, आणि तेच मला सर्वांत मोलाचं वाटतं: तयारी आख्ख्या वर्गाची करायची. कौशल्य नाही ते त्या एका मुलाकडे, असं धरून त्याला वेगळ्या खोलीत बसवून ‘नमस्कार कर’, ‘डोळ्यात बघून बोल’ असं घोकून घेण्याची पद्धत जगभर होती, अजूनही आहे. कॉनी कासारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नेहमीच्या शाळांत शिकणाऱ्या ६० स्वमग्न मुलांचा अभ्यास करून तो २०१२ साली प्रसिद्ध केला. काही ठिकाणी त्या मुलालाच शिकवलं गेलं, काही ठिकाणी त्याच्या वर्गमित्रांना शिकवलं गेलं, की एकटं उभं असलेलं मूल कसं ओळखायचं आणि त्याला खेळात कसं घ्यायचं. वर्गमित्रांना शिकवलं तिथे फरक जास्त पडला. त्या मुलांची नावं मैत्रीच्या यादीत जास्त आली आणि मैदानावरचं त्यांचं एकटेपण कमी झालं. तिथली मुलं, तिथल्या शाळा वेगळ्या, हे मान्य. तरी एका वर्गात दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला यातून मोठा दिलासा मिळतो. त्याच्याकडे तज्ज्ञ नसतो, वेगळी खोली नसते, पण वर्गमित्र मात्र भरपूर असतात.

याच २०१२ साली इंग्लंडमधले डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी मांडलं की स्वमग्न आणि इतर माणसांतला गैरसमज दुतर्फा असतो. त्याला आपलं कळत नाही तसं आपल्यालाही त्याचं कळत नाही; फक्त आपण संख्येनं जास्त, म्हणून दोष त्याच्या माथी. पुढे २०२० साली एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी एक प्रयोग केला. आठ-आठ माणसांच्या साखळीत एक गोष्ट कानोकान पुढे द्यायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती तितकीच नीट पोचली, जितकी स्वमग्न नसलेल्यांच्या साखळीत. घसरण झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे शिकण्याचं काम दोन्ही बाजूंना आहे. स्वमग्न मुलानं डोळ्यात बघितलंच पाहिजे, हात हलवणं थांबवलंच पाहिजे, असा आग्रह धरून आपण त्याला फक्त दमवतो. त्याला मागता यावं, थांबता यावं, नको म्हणता यावं. तो बघतो खिडकीकडे, तर बघू दे.

वर्गाला शिकवायचं ते फार अवघडही नसतं. कर्णबधिर मित्राला मागून हाक मारायची नाही. खांद्याला हात लावायचा, समोर यायचं, तोंडावर हात न ठेवता बोलायचं. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात आता दहा हजारांहून जास्त शब्द आहेत. त्यातले वीस आख्ख्या वर्गाला आले तरी परिपाठ बदलून जातो. अंध मैत्रिणीजवळ आलं की आपलं नाव सांगायचं, आणि जाताना ‘मी निघाले’ हेही सांगायचं, नाहीतर ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. तिचा हात धरून ओढायचं नाही, आपला कोपर तिला धरू द्यायचा. सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा सावकाश बोलतो. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, थांबायचं. हे थांबणं मुलांपेक्षा शिक्षकांना अवघड जातं, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो.

आणि त्या मुलाला काय शिकवायचं? जे शिकवायचं ते शाळेच्या रोजच्या घडामोडींतच शिकवायचं. खिचडीची रांग घ्या. आपल्याला ती एक गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ताटली घेणं, शेवटचं मूल कोण ते ओळखणं, त्याच्यामागे हातभर अंतरावर उभं राहणं, तो सरकला की सरकणं, ताटली पुढे करणं, पुरे झालं की हात आडवा धरणं आणि जागेवर जाऊन बसणं, एवढ्या गोष्टी तिच्यात आहेत. यातली कोणती अडते ते शोधायचं आणि तेवढीच शिकवायची. अनेकदा सगळं येत असतं, फक्त ‘शेवटचं मूल कोण’ हे कळत नसतं, आणि त्यापायी ते लेकरू रोज रांग मोडल्याबद्दल बोलणी खात असतं. पायऱ्यांची चित्रं काढून पुठ्ठ्यावर चिकटवली की काम सोपं होतं. कॅरॉल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेनं १९९० च्या सुमारास मुलाच्या आयुष्यातला एकच प्रसंग छोट्या गोष्टीच्या रूपात लिहून वाचून दाखवण्याची रीत रूढ केली. तीही आपल्याकडे सहज जमते, कारण गोष्ट सांगणं शिक्षकाला शिकवावं लागत नाही. स्नेहसंमेलन, झेंडावंदन, लसीकरणाचा दिवस, नवे शिक्षक येणं, अशा नेहमीपेक्षा वेगळ्या दिवसांची गोष्ट दोन दिवस आधी सांगितली तर मुलाची निम्मी घाबरगुंडी कमी होते.

शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात असा नियम केला होता की कोणी कोणाला खेळातून वगळायचं नाही. त्यावर १९९२ साली त्यांनी पुस्तकही लिहिलं. नियम लागू करण्याआधी त्यांनी मोठ्या वर्गांतल्या मुलांना विचारलं, तेव्हा नियम न्यायाचा आहे पण आमच्यात आता चालणार नाही, असा त्या मुलांचा सूर होता. म्हणून हे काम पहिलीतच, त्याआधी अंगणवाडीतच सुरू व्हावं. सातवीतले गट पडून घट्ट झालेले असतात.

मदतनीस मुलाबद्दल एक सावधगिरी. बहुतेक वर्गांत एक गुणी मुलगी निवडली जाते आणि दिव्यांग मुलाला पाणी देण्यापासून घरी पोचवण्यापर्यंत सगळं तिच्याकडे जातं. तिला ते ओझं होतं आणि त्याला मैत्रीण मिळत नाही, सेवा मिळते. काम पाळीपाळीनं द्यावं, आणि त्याच्याकडूनही काम घ्यावं. हजेरीपुस्तक कार्यालयात नेणं, घंटा वाजवणं, फळ्यावर तारीख लिहिणं. देणारा हात त्याचाही असला पाहिजे.

आता सर्वांत जिव्हाळ्याची आणि सर्वांत दडपलेली बाब. ‘शहाणं लेकरू आहे, सांगितलं की ऐकतं’ हे कौतुक आपण या मुलांचं फार करतो, आणि आज्ञाधारकपणालाच सामाजिक कौशल्य समजतो. मोठं कोणीही म्हणेल ते करायचं, एवढंच शिकलेलं मूल सर्वांत असुरक्षित असतं. त्याला कोणीही कुठेही नेऊ शकतं, आणि झालेलं सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात. नकार देणं शिकवलं गेलंच पाहिजे: तोंडानं, हातानं, चित्र दाखवून, नाहीतर तिथून निघून जाऊन. वर्गात त्याचा छोटासा नकार मानला गेला तरच बाहेरचा मोठा नकार त्याला सुचेल. भाजी नको म्हणाला, वाढू नका. गुदगुल्या नको म्हणाला, थांबा. अवयवांची खरी नावं शिकवा. शौचाला, कपड्यांना मदत कोण करू शकतं, त्या दोन-तीन माणसांची नावं त्याच्याकडून पक्की करून घ्या. सात वर्षांचं बौद्धिक अक्षम मूल येईल त्या पाहुण्याला मिठी मारतं आणि सगळे हसतात. तेच मूल चौदाव्या वर्षी मिठी मारतं तेव्हा मार खातं. त्याच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं. मिठी घरच्यांना, नमस्कार पाहुण्यांना, हे पहिल्या वर्षापासून शिकवलं तर ही वेळ येत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यानं मुलाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. पण कायदा घटनेनंतर येतो. आधी पोचू शकतो तो शिक्षक.

हाक मारण्याबद्दलही बोललं पाहिजे. गावात माणसाला त्याच्या व्यंगावरून ओळखण्याची सवय जुनी आहे, आणि ती शाळेत येते. ‘तो मुका’, ‘ते येडं’ असं मुलं म्हणतात, कारण घरी तसंच ऐकलेलं असतं. शिक्षकानं एकदा जरी तसं म्हटलं तरी वर्गाला परवानगी मिळते. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत जाणूनबुजून अपमानित करणं हा २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, किमान सहा महिन्यांची कैद सांगणारा. मुलांना या कलमाचा धाक दाखवावा असं मी म्हणणार नाही. मोठ्यांना मात्र ते माहीत असलेलं बरं.

सरकारी व्यवस्थेकडून काय मिळतं, तेही इथे नोंदवायला हवं. समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. ते शाळांना भेटी देतात. एकेका माणसाकडे इतक्या शाळा असतात की भेट महिन्याला झाली तरी पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली रजनीश कुमार पांडेय खटल्यात प्राथमिक वर्गांसाठी दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २०२४ साली केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. ही पदं भरली जावीत, टिकावीत आणि त्या माणसांना कागदपत्रांच्या कामातून मोकळं ठेवून वर्गात जाऊ द्यावं, ही मागणी प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीनं लावून धरली पाहिजे. पण विशेष शिक्षक आला तरी तो वाट दाखवेल; रोज त्या वाटेनं चालवणारे वर्गशिक्षकच असतील.

घरच्यांनाही यात आणावं लागेल. कित्येक आया दहा वर्षांच्या लेकराला स्वतः भरवतात, त्याच्या वतीनं बोलतात, त्याला दारातच बसवून ठेवतात. त्यांना दोष देणं अन्याय होईल; जगानं लेकराला दुखावलेलं त्यांनी बघितलेलं असतं. पालकसभेत त्यांना उपदेश करण्यापेक्षा, लेकरू शाळेत रांगेत उभं राहून स्वतः ताटली धुतं, हे एकदा बोलावून दाखवावं.

वाचणाऱ्या गुरुजींना आणि मॅडमना एक विनंती. पुढची प्रकरणं क्रमानं वाचू नका. तुमच्या वर्गात जे मूल आहे त्याचं प्रकरण आधी काढा. एका वेळी एकच कौशल्य घ्या, सहा आठवडे तेच धरा, आणि एका वहीत रोज दोन ओळी लिहा: आज काय जमलं, कोणाबरोबर जमलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदल्या होतातच. तुमची झाली, तर ती वही त्या लेकराच्या नावानं शाळेत ठेवून जा.